शेप, लाकूड आणि एक रोमक शब्द : व्युत्पत्ति व लिंगविचार

जे शब्द चारचौघांत उच्चारले जात नाहींत त्यांचें मूळ शोधण्याचें काम आपल्याकडे सहसा कोणी अंगावर घेत नाहीं. कोशकार असा शब्द गाळतो, संपादक टिंबें घालतो, आणि जुन्या बाडांच्या नकला करणारे आमच्यासारखे लोक तेवढी जागा कोरी सोडून पुढें जातात. हा संकोच स्वाभाविक आहे. त्याची थट्टा करण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु त्यापायीं भाषेच्या इतिहासांतील चांगला पुरावा आपल्या हातून नाहींसा होतो, आणि अशा एका नाशास मी स्वतः कारण झालों असल्यामुळें हें टिपण लिहिणें मला प्राप्त झालें आहे. विषयाचा आरंभ रोमक भाषेंतील एका शब्दापासून करावा लागतो. तेथून तो आपल्या बैलाच्या शेपटीपर्यंत कसा येतो तें क्रमानें सांगतों.

रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसेरो यानें पापिरिउस पेटुस नांवाच्या मित्रास इ. स. पूर्वीं ४५ च्या सुमारास लिहिलेलें एक पत्र त्याच्या मित्रपत्रांच्या नवव्या भागांत बाविसावें म्हणून छापलें जातें. पेटुसानें आपल्या पत्रांत पुरुषेंद्रियवाचक ग्राम्य शब्द उघड लिहिला असावा. त्यावरून सिसेरोनें शब्दांच्या अश्लीलतेवरच एक लहानसा निबंध रचला. स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांचें म्हणणें तो प्रथम मांडतो. अश्लीलता वस्तूंत नाहीं, कारण तीच वस्तु सभ्य शब्दानें सांगितली असतां कोणी कान झांकीत नाहीं. ती शब्दांतहि नाहीं, कारण शब्द म्हणजे नुसता ध्वनि. मग ती आहे कोठें? युक्तिवाद चोख आहे, परंतु सिसेरो शेवटीं म्हणतो कीं मी आपला जुन्या मर्यादेनेंच चालेन. या पत्राची मौज अशी कीं अत्यंत ग्राम्य शब्द तो स्वतः एकदांहि लिहीत नाहीं आणि वाचकाच्या कानांत मात्र प्रत्येक शब्द वाजवितो. सताप व पुदिना या दोन वनस्पतींचीं नांवें, रुता आणि मेंता, दोन्ही निर्दोष आहेत, असें तो म्हणतो. रुता शब्दाचें लघुत्वदर्शक रूप रुतुला करतां येतें. पण लहानशा पुदिन्यास त्याच रीतीनें नांव देऊं गेल्यास तें चालत नाहीं. कां चालत नाहीं हें ज्यास लॅटिन येतें त्यास सांगावें लागत नाहीं, कारण तें रूप 'मेंतुला' असें होतें, आणि पेटुसाचा शब्द बहुधा तोच होता.

त्याच पत्रांत प्रस्तुत विषयास लागणारें एक वाक्य आहे. 'पेनिस' या शब्दाचा अर्थ आमच्या पूर्वजांत शेपटी असा होता, आज मात्र तो अश्लील शब्दांत मोडतो, असें सिसेरो सांगतो. शेपटीच्या अर्थाचा पुरावा म्हणून तो 'पेनिकिल्लुस' हा शब्द पुढें करतो. पेनिकुलुस म्हणजे लहान शेपटी, आणि त्यावरून झाडण्यापुसण्याचा कुंचा. या शब्दाचें आणखी लहान रूप पेनिकिल्लुस, म्हणजे चित्रकाराची कुंचली. तेंच फ्रेंचांतून इंग्रजींत जाऊन 'पेन्सिल' झालें. तीस वर्षें मुलांच्या हातीं मीं ही वस्तु निःशंकपणें दिली. १९२८ सालीं फ्लेमिंग यास ज्या बुरशीपासून पेनिसिलिनचा शोध लागला तिचें नांवहि, ती कुंचलीसारखी दिसते म्हणून, याच शब्दावरून पडलेलें आहे.

सिसेरोची साक्ष महत्त्वाची खरी, परंतु ती तपासून घेतली पाहिजे. शेपटी हा अर्थ आधीं आणि इंद्रिय हा अर्थ मागून, असा क्रम त्यानें लाविला. त्याच्या पूर्वजांच्या दोनतीन शतकांपुरता तो बरोबर असेल. पण तुलनेनें पाहतां त्यापूर्वींची पायरी निराळी दिसते. अथर्ववेदांत 'पसस्' हा नपुंसकलिंगी शब्द पुरुषेंद्रियाच्या अर्थानें येतो. ग्रीक भाषेंत 'पेओस' हा शब्द त्याच अर्थाचा आहे. हे दोन्ही शब्द आणि लॅटिन पेनिस एकाच 'पेस्' या मुळाचे, याविषयीं तुलनाकार भाषाशास्त्रज्ञांत आज फारसा वाद नाहीं. वेद आणि ग्रीक हे दोन दूरचे साक्षीदार इंद्रियाचाच अर्थ सांगतात. यावरून तोच मूळचा धरला पाहिजे. म्हणजे रोमक शब्द इंद्रियाकडून शेपटीकडे गेला, कांहीं काळ शेपटींत सभ्यपणें राहिला, आणि पुनः मूळ घरीं परतला. सिसेरोस या प्रवासाचा शेवटचा टप्पा तेवढा ठाऊक होता.

या विषयावरचा आजचा आधारभूत ग्रंथ म्हणजे जे. एन. ॲडम्स यांचें लॅटिन भाषेंतील कामविषयक शब्दसंपत्तीचें पुस्तक (लंडन, १९८२). कवि, भिंतींवरील ओरखडे, वैद्यकाचे ग्रंथ अशा सर्व ठिकाणांचे प्रयोग त्यांनीं वेंचून प्रत्येक शब्दाची पायरी ठरविली आहे. मेंतुला हा खरा ग्राम्य शब्द, पेनिस त्या मानानें मवाळ व विरळ, हा त्यांचा निर्णय पटण्यासारखा आहे. शस्त्रें, शेतीचीं अवजारें, काठ्या, वनस्पति, प्राणी अशा ज्या ज्या वस्तूंचीं नांवें या इंद्रियास लाविलीं गेलीं त्यांची वर्गवारीहि उत्तम आहे. तथापि त्यांचा कल शब्दाचा उपयोग पाहण्याकडे आहे, कूळ शोधण्याकडे नाहीं. आणि संस्कृत-प्राकृताकडे वळण्याचें त्यांना कारण नव्हतें. तेथें आपणांस कांहीं भर घालतां येईल असें वाटतें, कारण पेनिस शब्दानें जो प्रवास केला तोच आपल्या एका शब्दानें केला आहे. तो शब्द म्हणजे शेप.

ऋग्वेदांत शेप शब्द पुल्लिंगी आहे व त्याचा अर्थ पुरुषेंद्रिय हाच आहे. दहाव्या मंडलांतील ज्या सूर्यासूक्ताच्या ऋचा विवाहांत म्हटल्या जातात त्यांतहि तो आलेला आहे; अर्थ न कळल्यामुळें मंडपांत कोणी लाजत नाहीं. यास्कानें निरुक्ताच्या तिसऱ्या अध्यायांत शेप आणि वैतस हीं पुरुषेंद्रियाचीं दोन नांवें म्हणून दिलीं, आणि शेप हा शब्द स्पर्शार्थक शप् धातूपासून साधिला. ही व्युत्पत्ति यास्काच्या पद्धतीची आहे, म्हणजे अर्थ आधीं हातीं धरून धातु मागून शोधलेला. ती आपणांवर बंधनकारक नाहीं. पाश्चात्त्य पंडितांनीं या शब्दाशीं लॅटिन 'किप्पुस' ताडून पाहिला आहे. किप्पुस म्हणजे रोंवलेला खांब, सीमेचा दगड. वैतस शब्द तर वेतस म्हणजे वेत यावरून उघडच आला आहे. खांब काय आणि वेताची छडी काय, कल्पना एकाच जातीची. ही छडीची कल्पना पुढें पुनः लागणार आहे.

शेप शब्दास शेपटीचा अर्थ केव्हां आला? ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेंत अजीगर्ताच्या तीन मुलांचीं नांवें शुनःपुच्छ, शुनःशेप व शुनोलांगूल अशीं आहेत. पुच्छ व लांगूल यांच्या मध्यें बसलेला शेप दुसरें कांहीं असण्याचा संभव कमी. तिघां भावांचीं नांवें 'कुत्र्याची शेपटी' याच अर्थाचीं आहेत. कांहीं पाश्चात्त्य भाषांतरकार मधल्या मुलाच्या नांवाचा अर्थ मुद्दाम दुसरा घेतात. तें मला दोन्ही बाजूंच्या शब्दांकडे न पाहिल्याचें लक्षण वाटतें. पाणिनीय परंपरेंतहि हे तीन शब्द एकत्रच आहेत. निंदा व्यक्त होत असतां समासांत षष्ठीचा लोप होत नाहीं असें पाणिनीनें सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत सांगितलें, आणि त्यावरच्या वार्तिकांत श्वन् शब्दापुढें शेप, पुच्छ व लांगूल हीं उत्तरपदें आलीं असतां विशेषनामांत तसेंच होतें अशी पुस्ती जोडली गेली. आपल्या व्याकरणशास्त्रानें शिवीचीहि स्वतंत्र सोय करून ठेविली आहे हें येथें जातां जातां ध्यानांत घ्यावें. पुढच्याच सूत्रानें 'दास्याः पुत्रः' ही गाळी सिद्ध होते. शाळेंत हें सूत्र शिकवितांना उदाहरणासाठीं मुलांचे डोळे चमकत असत.

आतां अमरकोश पहा. मनुष्यवर्गांत शिश्न, मेढ्र, मेहन यांच्या पंक्तीस शेफस् हा नपुंसकलिंगी शब्द आहे. शेपटीचीं नांवें क्षत्रियवर्गांत घोड्याच्या प्रकरणीं येतात. तेथें पुच्छ, लूम, लांगूल, वालधि इत्यादि सर्व आहेत, शेप मात्र नाहीं. म्हणजे पंडितांच्या संस्कृतांत हा शब्द इंद्रियाकडेच राहिला, आणि मराठींत तो केवळ शेपटीकडे आहे. तेव्हां मराठी शेप-शेपूट हे शब्द संस्कृत पोथीतून जसेच्या तसे उचलले, असें जें कधीं कधीं सांगण्यांत येतें तें टिकत नाहीं. तत्सम असता तर अर्थहि पोथींतला आला असता.

उच्चाराचा पुरावा याहून बळकट आहे. दोन स्वरांमधला एकटा प मराठीपर्यंत येतांना टिकत नाहीं : दीप–दीव–दिवा, ताप–ताव. जेथें प टिकला तेथें प्राकृतांत तो दुहेरी होता : सर्प–सप्प–साप, कर्पास–कप्पास–कापूस. शेप शब्दांत प शाबूत आहे. त्या अर्थीं प्राकृतांत प्प असला पाहिजे. आणि तसा तो आहेच. प्राकृतांत छेप्प व पालींत छेप्पा असे शब्द शेपटी याच अर्थानें येतात. आरंभींचा छ मराठींत एकारापूर्वीं श होतो हें क्षेत्र–छेत्त–शेत यावरून स्पष्ट आहे. माशी शब्दांतला श देखील मच्छिआ या रूपांतल्या छ चाच. म्हणून शेप शब्दांतील श दिसावयास वैदिक श सारखा असला तरी तो वैदिक नव्हे. तो मध्यें छ होऊन पुनः श झालेला आहे. घरचा माणूस परदेशीं जाऊन त्याच वेषानें परत यावा तसें हें आहे.

एकारानंतरचें व्यंजन प्राकृतांत अकारण दुहेरी होणें हा प्रकार अपूर्व नाहीं. वररुचीनें सेवादि गणांत असे शब्द एकत्र केले आहेत. मराठींत त्याची खूण कोठें दिसते म्हणाल तर तेल या शब्दांत. एकट्या ल चा मराठींत ळ होतो : काल–काळ, फल–फळ. तैल शब्दाचें 'तेळ' न होतां तेल झालें, कारण मध्यें तेल्ल होतें. एक हा शब्दहि एक्क या रूपामुळें वांचला. नाहीं तर त्यांतला क केव्हांच गळाला असता.

शेपूट यांतील शेवटचा भाग पुच्छ शब्दाचा अवशेष आहे असें कोणी म्हणतात. मला तें पटत नाहीं. पुच्छ शब्दांतल्या च्छ पासून ट निघण्याचा मार्ग दिसत नाहीं. चोरटा, पोरटें, एकटा, धाकुटा यांत जो ट आहे तोच येथें मानावा : शेपटा, शेपटी, शेपूट. यांत लहानमोठेपणा लिंगावर चालतो, दोरा व दोरी यांप्रमाणें. बाईच्या लांब वेणीस शेपटा म्हणतात, शेपटी म्हणत नाहींत.

येथवर एका शब्दाची हकीकत झाली. तिचा अर्थ नीट उमगण्यास दुसरा एक शब्द शेजारीं ठेवावा लागतो, आणि तो लिहितांना मला थोडा विचार करावा लागला. संस्कृतांत लकुट अथवा लगुड म्हणजे सोटा, दांडकें. प्राकृतांत त्याचीं दोन रूपें झालीं. एकांत क दुहेरी झाला, लक्कुड. त्याचें मराठींत लाकूड झालें. दुसऱ्यांत क दुहेरी न होतां गळून गेला, लउड. राजकुलापासून झालेल्या राउळाचें जसें रावळ होतें, तसें त्या लउडाचें पुढें आकारांत रूप लवडा झालें. हिंदींतला तत्सदृश शब्दहि याच लउडाचा. टर्नर यांच्या हिंदी-आर्य भाषांच्या तौलनिक कोशांत हीं दोन्ही रूपें एकाच मुळाखालीं पहावयास मिळतात. म्हणजे चुलींत घालावयाचें लाकूड आणि तोंडांतून काढूं नये असा तो शब्द हे सख्खे भाऊ आहेत. दोघांचा अर्थ मूळचा सोटाच. वेदांतील वैतस, म्हणजे वेताची छडी, हीच कल्पना. एकाला क दुहेरी मिळाला आणि तो सभ्य घरांत राहिला. दुसऱ्याचा क गळाला आणि तो वेशीबाहेर पडला. अक्षराच्या दुहेरीपणाचा सभ्यतेशीं कांहींएक संबंध नाहीं, हें सांगावयास नको.

नांगर शब्दाचीहि अशीच गोष्ट सांगतात. फ्रेंच पंडित झां प्रझिलुस्की यानें १९२० नंतरच्या दशकांत लिंग, लांगल व लांगूल हे तीन शब्द एका कुळांतले असून मुळांत आर्यांचे नव्हत, ऑस्ट्रोआशियाई भाषांतून आलेले आहेत, असें मत मांडलें. लांगल म्हणजे नांगर, लांगूल म्हणजे शेपटी. त्याचे लेख प्रबोधचंद्र बागची यांनीं भाषांतरून १९२९ सालीं कलकत्ता विद्यापीठातर्फे छापले. या मताचे तपशील सर्वांस मान्य झालेले नाहींत, आणि लिंग शब्द त्यांत ओढून आणला आहे काय हा प्रश्न मलाहि पडतो. परंतु आमच्या तापीकांठच्या लोकांनीं तें हंसण्यावारी नेऊं नये. मुंडा कुळांतली कोरकू भाषा बऱ्हाणपूर व मेळघाट येथें, म्हणजे आमच्यापासून फार दूर नव्हे, आजहि बोलली जाते.

शब्द निर्दोष आणि जुळणी सदोष, हा सिसेरोच्या पत्रांतला दुसरा प्रकार. दोन साध्या शब्दांच्या सांध्यावर नको तो ध्वनि उमटतो, याचीं उदाहरणें तो देतो. 'आमच्यासह' या अर्थीं रोमक लोक 'कुम नोबिस' न म्हणतां 'नोबिस्कुम' म्हणतात याचें कारणहि तो हेंच सांगतो. शब्द सरळ क्रमानें जोडल्यास स्त्रीच्या अवयवाचें ग्राम्य नांव, 'कुन्नुस', कानीं पडतें. हें कारण मला ओढाताणीचें वाटतें. 'माझ्यासह', 'तुझ्यासह' या अर्थाच्या रूपांतहि तोच उलटा क्रम आहे, आणि तेथें असा कसलाच ध्वनि निघत नाहीं. ती रूपें पहिल्याच्या अनुकरणानें झालीं असा खुलासा त्यानें अन्यत्र केला आहे; पण शब्दयोगी अव्यय नामामागून लावण्याची जुनी रीत तेवढी सर्वनामांत उरली, असें म्हणणें अधिक सरळ. उदाहरण सोडलें तरी निरीक्षण मात्र खरें आहे. कारण आपल्याकडे अकराव्या शतकांत काश्मीरच्या मम्मटानें तेंच स्वतंत्रपणें केलें. काव्यप्रकाशाच्या सातव्या उल्लासांत संधीच्या दोषांत अश्लीलतेचा एक प्रकार आहे. उडणाऱ्या पक्ष्याच्या वर्णनांत 'चलन्' आणि 'डामर' हे दोन शुद्ध शब्द जवळ आले कीं मध्येंच 'लंडा' ऐकूं येतें. 'रुचिम्' आणि 'कुरु' जुळले कीं 'चिंकु'. टीकाकार सांगतात कीं हे देशभाषांतले ग्राम्य शब्द आहेत व दुसरा काश्मीरकडचा आहे. काव्यशास्त्रज्ञाच्या दोषविवेचनानें बोलभाषेचे दोन शब्द आपणांस दिले. मम्मटानें त्या जागीं टिंबें घातलीं असतीं तर ते आज कोणास ठाऊक असते?

आतां लिंगाविषयीं. लॅटिन मेंतुला पुरुषाच्या इंद्रियाचें नांव असून शब्द स्त्रीलिंगी आहे. कुन्नुस स्त्रीच्या इंद्रियाचें नांव असून पुल्लिंगी आहे. नवख्यास हें विचित्र वाटतें. ज्यानें महाभाष्य वाचलें त्यास वाटत नाहीं. चौथ्या अध्यायाच्या आरंभीं 'स्त्रियाम्' या अधिकाराची चर्चा करतांना पतंजलीनें हाच प्रश्न घेतला आहे. शरीराच्या खुणांवरून लिंग ठरवावें तर खाटेला व झाडाला कोणत्या खुणा आहेत? म्हणून व्याकरणांतलें लिंग लौकिक लिंगाहून निराळें मानावें लागतें. दार म्हणजे बायको, आणि शब्द पुल्लिंगी बहुवचनी. कलत्र म्हणजेहि बायकोच, आणि तो नपुंसकलिंगी. खुद्द लिंग हा शब्द नपुंसक आहे यापरतें अधिक काय हवें? मराठींतहि तेंच. मोठ्या माणसाच्या इंद्रियाचा वर सांगितलेला शब्द पुल्लिंगी, पण लहान मुलाच्या त्याच अवयवास आया जीं लाडकीं नांवें देतात तीं, नुनी, बुल्ली, सगळीं स्त्रीलिंगी. लहानपणा दाखवावयाचा असला कीं मराठी ईकारांत स्त्रीलिंगाकडे वळते. मेंतुला शब्दाचा शेवटहि लघुत्वदर्शक प्रत्ययासारखाच दिसतो, मग त्याचें मूळ कांहीं असो.

शेप शब्दाचें लिंगहि अर्थाबरोबर बदललें. इंद्रियाच्या अर्थीं वेदांत तो पुल्लिंगी आहे; शेपटीच्या अर्थीं पालींत छेप्पा स्त्रीलिंगी, आणि मराठींत शेप कोठें स्त्रीलिंगी तर कोठें नपुंसकलिंगी चालतो. पुल्लिंगी मात्र तो राहिला नाहीं.

लिंगाचा हा खेळ कवीच्या हातीं काय करूं शकतो तें कातुल्लुसाजवळ पहावें. सीझरच्या पदरच्या मामुर्रा नांवाच्या उधळ्या अधिकाऱ्यास त्यानें मेंतुला हेंच टोपणनांव दिलें. त्यावरील एका कवितेंत या इसमाच्या जमिनीचें वर्णन करून कवि त्यास 'सर्वांत मोठा' म्हणतो, तेव्हां विशेषण पुल्लिंगी आहे. लागलीच शेवटच्या चरणांत हा माणूसच नव्हे असें म्हणून तो शब्द सामान्यनाम करतो, आणि विशेषण स्त्रीलिंगी होतें. एका प्रत्ययानें माणसाचा अवयव झाला. आपल्याकडे 'काय तें ध्यान आलें' असें म्हणतांना पुरुषास नपुंसकलिंगी क्रियापद लागतें, त्याच जातीची ही युक्ति. फक्त रोमकाची अधिक निर्दय.

मी हें सर्व इतक्या बारकाईनें कां पाहूं लागलों तें आतां सांगतों. १९८५ सालीं, नोकरीस नुकताच लागलों असतां, वरणगांवाजवळच्या एका खेड्यांत एका घरीं मला एक मोडी बाड पहावयास मिळालें. आडव्या घडीचें, चौतीस पानांचें. लावण्या, कूटें व उखाणे, आणि शेवटीं गुरांचीं औषधें. मालकानें पंधरा दिवसांसाठीं दिलें. मीं रात्रीं बसून बाळबोधींत नक्कल केली, आणि शिक्षकाच्या वहींत असे शब्द असूं नयेत म्हणून अकरा ठिकाणीं टिंबें घातलीं. तेव्हां ती मोठी सभ्यता वाटली. पुढें तें घर पाडलें गेलें आणि बाड इतर कागदांबरोबर रद्दींत गेलें. आज जगांत त्याची एवढीच प्रत आहे.

अकरापैकीं सात जागा मला आठवणीनें भरतां आल्या. दोन यमकावरून जुळल्या. एक लावणीतली आहे, ती साधी शिवी असावी, तिचें मला विशेष दुःख नाहीं. अकरावी जागा नांगराच्या कूटांत आहे. हें कूट वरवर ऐकतां अश्लील वाटावें आणि उलगडतां नांगरणीचें वर्णन निघावें अशा तऱ्हेचें आहे. टिंबांच्या जागीं दोन अक्षरें होतीं, हें मीं दोनच टिंबें घातलीं त्यावरून समजतें. त्यापुढचें विशेषण स्त्रीलिंगी एकवचनी आहे. म्हणजे लवडा हा शब्द तेथें नव्हता; तो तीन अक्षरी आणि पुल्लिंगी आहे. राहिले दोन शब्द. एक नुनी, दुसरा शेप, स्त्रीलिंगी चालणारा. नुनी असेल तर प्रकरण मिटलें. पण नांगर, शेपटी आणि इंद्रिय हे तीन अर्थ ज्या कूटांत एकमेकांवर खेळविले आहेत तेथें मीं शेप या शब्दावर टिंबें घातलीं असतील, तर तीं तो शब्द तेथें उघडपणें इंद्रियाचा अर्थ सांगत होता म्हणूनच घातलीं असली पाहिजेत. नुसत्या शेपटीला मीं कशाला लाजलों असतों? तसें असल्यास वेदांतला अर्थ खानदेशाच्या बोलींत दोनअडीच हजार वर्षें जिवंत राहिल्याचा तो लेखी पुरावा ठरता, आणि मराठी शेप शब्दानें मूळचा अर्थ पूर्णपणें टाकला हें माझेंच वरील विधान मला मागें घ्यावें लागतें. मूळ अक्षर आठवण्याचा मीं पुष्कळ प्रयत्न केला. पान डोळ्यांसमोर येतें, शाईचा डाग येतो, शब्द येत नाहीं.

अशा ठिकाणीं आमच्या पूर्वजांनीं आमच्याइतका संकोच बाळगला नव्हता. परळ येथें सांपडलेल्या, शिलाहार राजा अपरादित्य याच्या बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील शिलालेखाच्या शेवटीं दान मोडणाऱ्याच्या आईस उद्देशून जी गाढवाची शापवाणी मराठींत कोरली आहे, ती शं. गो. तुळपुळे यांच्या प्राचीन मराठी कोरीव लेखांच्या संग्रहांत (१९६३) सर्वांस पाहतां येते. तींतील क्रियापदाचा संबंध पाणिनीच्या धातुपाठांतील यभ् धातूशीं सामान्यतः लाविला जातो. ज्या भ च्या महाप्राणानें पुढें सरकून ज चा झ केला, तो धातु रशियन भाषेंतहि आज जिवंत आहे. दगड कोरणाऱ्यानें टिंबें घातलीं असतीं तर मराठी क्रियापदाच्या इतिहासाचा इतका जुना दाखला आपणांस लाभला नसता.

माझी वही आहे तशी ठेविली आहे. भरलेल्या नऊ जागा निराळ्या शाईनें लिहिल्या असून प्रत्येकीसमोर आठवण किंवा यमक असें कारण नोंदविलें आहे. संग्राहकांस विनंति इतकीच कीं भुसावळ, रावेर, यावल किंवा मुक्ताईनगर या तालुक्यांतून आलेलें, पहिल्या पानावर शाईनें काढलेला गणपति आणि शेवटीं तीन पानें गुरांच्या औषधांचीं असलेलें मोडी बाड कोणाच्या दप्तरांत असल्यास त्यांनीं तें पहावें. लावण्या एका हातून दुसऱ्या हातीं उतरून घेतल्या जात. जुळी प्रत असण्याचा संभव आहे. मोडींत ऱ्हस्वदीर्घ इकार-उकाराचा भेद नसल्यामुळें नुनी हा शब्द कसाहि लिहिलेला असूं शकेल; शेप शब्दांतला प मात्र नीट पाहावा, कारण शेफस् शब्दाच्या आठवणीनें कोणी लेखकानें तेथें फ केला असल्यास तीहि माहिती मला हवी आहे. नांगराच्या कूटाची ती एक ओळ जशी असेल तशी, टिंबें न घालतां, उतरून पाठवावी.